तारमास्तरांपर्यंत पोचणारा अँटेना

मीटरकाकांना कुणाकडे काही मागायचं म्हटलं की आधी घाम फुटायचा. वीज कंपनीच्या मीटर तपासणीच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली, त्यावरूनच हे नाव पडलं. तिथल्या त्यांच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. ते त्यांनी निवृत्तीच्या दिवसापर्यंत साहेबांच्या कानावर घातलं नाही. पुठ्ठ्याची घडी पायाखाली सारली आणि वेळ निभावून नेली. बायको म्हणायची, "तुमच्या पायावर कुणी पाय दिला तरी 'तुम्हाला लागलं नाही ना' असं तुम्हीच विचाराल." ती गेल्यावर ते लेकीकडे चौथ्या मजल्यावर राहायला आले आणि तिथे तर पाहुण्यासारखेच वागू लागले. नळ बारीक सोडायचे. जावयाचा पेपर वाचून झाल्याशिवाय पेपरला हात लावायचे नाहीत.

अशा माणसाने आयुष्यात एकच गोष्ट धीर करून मागितली होती: इमारतीच्या गच्चीवर तांब्याची एक तार ताणायची परवानगी.

मीटरकाका हौशी रेडिओवाले होते. म्हणजे सरकारी परवाना काढून, स्वतःच्या संचावरून, लांबलांबच्या तशाच हौशी माणसांशी बोलणारे. तरुणपणी त्यांच्या ओळखीतले असे पन्नासेक तरी होते. कुणी वारलं, कुणी कंटाळलं, कुणाच्या हातात मोबाइल आला. गेली काही वर्षं रोज सकाळी सात वाजता ते एकाच माणसाशी बोलत होते. तो माणूस म्हणजे तारमास्तर.

तारमास्तर त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठे, राहायला चारशे किलोमीटरवर. उभी हयात तार ऑफिसात कडकट्ट करण्यात गेलेली, त्यामुळे रेडिओवरही ते तोंडाने कमी आणि कळ दाबूनच जास्त बोलायचे. आखूड टिंब, लांब रेघ, त्यातून अक्षर, अक्षरातून शब्द. सव्वीस वर्षांत दोघं समोरासमोर भेटले ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा काय बोलावं ते दोघांनाही सुचलं नाही. कळीवर मात्र मास्तर खुलायचे. शेजाऱ्याची भांडणं, गुडघ्याचं दुखणं, नातीचं गणित, सगळं इतकं रंगवून सांगायचे की मीटरकाका हेडफोन लावून एकटेच हसत बसायचे. बायको गेली त्या आठवड्यात मास्तरांनी रोज सातला बोलावलं आणि एकच वाक्य पाठवलं: "मी आहे, तू बोलू नकोस." ते वाक्य ऐकायला काका रोज संच लावायचे.

पुढे मास्तरांचं एकेक दार बंद होत गेलं. साखरेने नजर गेली. मग घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, जीव वाचला पण आवाज गेला. कान आधीच असे झाले होते की माणसाचं बोलणं म्हणजे नुसता कालवा. हेडफोनमधली एकसुरी शिट्टी मात्र त्यांना अजून स्वच्छ ऐकू यायची. घरात सून त्यांच्या तळहातावर बोटाने मोठमोठी अक्षरं काढायची: जेवण, औषध, आंघोळ. ती बिचारी मनापासून करायची, पण तळहातावर मावतं तेवढंच बोलणं. पूर्ण वाक्य बोलायला आणि पूर्ण वाक्य ऐकायला मास्तरांकडे सकाळचा एक तास उरला होता, आणि त्या तासाच्या दुसऱ्या टोकाला एकटे मीटरकाका होते.

गच्चीवरची तार उतरवायची वेळ आली तेव्हा इमारतीचे सेक्रेटरी स्वतः घरी आले.

"काका, सोलर पॅनेल बसवायचेत. सगळी गच्ची लागणार. तुमची तार..."

"हो हो, काढतो ना," मीटरकाका म्हणाले. "उद्याच काढतो."

सेक्रेटरी वाद घालायची तयारी करून आले असावेत. "म्हणजे कोपऱ्यातून कुठून नेता येत असेल तर बघू आपण."

"नको, नको. तुमची अडचण कशाला."

तार उतरली. काकांनी बाल्कनीत दुसरी लावून पाहिली. लिफ्ट आणि घराघरांतले दिवे मिळून तिच्यात असा खरखराट ओतायचे की बाकी काही ऐकू येईना. फोनवरूनही एकदा करून पाहिलं. सुनेने फोन मास्तरांच्या हेडफोनला चिकटवून धरला आणि काकांनी इकडून शिट्टी वाजवली. पण फोनला ती शिट्टी म्हणजे गोंगाट वाटायची; पलीकडे पोचायच्या आत तो ती गिळून टाकायचा. स्वतः जावं म्हटलं तर छातीचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला होता. राहता राहिली लेकीची गाडी; तिची एक किल्ली लेकीने आपणहून त्यांच्याकडे देऊन ठेवली होती. संच गाडीत ठेवायचा, गाडी कुठेतरी मोकळ्यावर न्यायची आणि गाडीवरच अँटेना लावायचा.

रेडिओचं सामान विकणारा एकच दुकानदार त्या शहरात उरला होता. दुकानात पुढे गाड्यांचे स्पीकर आणि मागच्या एका फळीवर हे असलं सामान. तो स्वतःही परवानाधारक, त्यामुळे आडपडदा ठेवायचा नाही. त्याने काकांसमोर दोन अँटेने ठेवले.

पहिला जेमतेम चार फुटांचा, खाली चकतीएवढं लोहचुंबक. टपावर ठेवला की चिकटला, उचलला की निघाला. दुसरा चांगला नऊ फुटांचा, मधोमध तारेचं जाडजूड वेटोळं. त्याला गाडीच्या मागे लोखंडी आधार लागणार, पत्र्याला भोकं पाडावी लागणार, दारं, डिकी आणि सायलेन्सर तांब्याच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडावे लागणार.

"काका, तुमची लहर चाळीस मीटरची," दुकानदार म्हणाला. "तिला सरळ उभा अँटेना म्हणजे दहा मीटर उंच पाहिजे. गाडीवर तेवढा कोण उभा करणार? म्हणून मग हे वेटोळं घालून काम भागवायचं. जितका अँटेना बुटका तितकी शक्ती वेटोळ्यातच मुरते. ह्या छोट्याला शंभर वॅट दिलेत तर एखाद-दोन बाहेर पडतील. बाकीचे वेटोळं तापवतील."

"ऐकू येईल ना पण?"

"ऐकू चांगलं येईल. ऐकणं सोपं असतं. पोचणं अवघड. मास्तरांशी बोलायचंय ना? मग मोठाच घ्या."

काकांना सगळं कळत होतं. एकतीस वर्षं त्यांनी वीज कुठे गळते हेच मोजलं होतं. पण डोळ्यांसमोर लेकीची गाडी उभी राहिली, तिला पाडलेली भोकं दिसली, आणि 'बाबा, हे काय?' असं विचारणारा लेकीचा चेहरा दिसला. लेक काही बोलली असती असंही नाही. पण विचारावं लागलं असतं.

"छोटा द्या," ते म्हणाले. "बघू तर खरं. मास्तरांचे कान तिखट आहेत."

दुकानदाराने खांदे उडवले आणि छोटा बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाट सरता सरता काका गाडी घेऊन पाण्याच्या टाकीच्या टेकाडावर गेले. नऊपर्यंत गाडी परत आणली की लेकीची कामाची वेळ सांभाळली जायची. त्यांनी इंजिन बंद केलं, चुंबक टपावर ठेवलं, संच लावला. सातला दोन मिनिटं कमी असताना हेडफोनमध्ये मास्तर आले.

काकांना वाटलं, जिंकलं. अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. लाखांत ओळखावा असा तो हात, शेवटची रेघ किंचित ओढून धरणारा. मास्तर काकांचं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, पाठवून विचारत होते: "आहेस का? आहेस का?"

काकांनी उत्तर दिलं. "आहे, मास्तर. आहे."

"आहेस का?" मास्तरांनी विचारलं.

काकांनी शक्ती होती तेवढी लावली. कळ सावकाश दाबली, एकेक अक्षर दोनदा पाठवलं. पलीकडून तेच. "आहेस का? आहेस का?" मध्ये ऐकण्यासाठी सोडलेली मिनिटभराची शांतता, आणि पुन्हा तेच. पस्तीस मिनिटं मास्तर बोलावत राहिले. शेवटी "उद्या" एवढा एक शब्द आला आणि शिट्टी थांबली.

काकांनी सुनेला फोन केला. "त्यांना सांग, मी ऐकतोय. फक्त माझं तिकडे पोचत नाही."

"लिहिलं काका हातावर," सुनेने संध्याकाळी परत फोन करून सांगितलं. "मीटर ऐकतो, असं लिहिलं. त्यांनी हात ओढून घेतला. त्यांना वाटतं मी समजूत घालतेय."

त्यानंतरचे अकरा दिवस काकांनी काय काय केलं ते सांगायला नको. चुंबक घासून पुसलं, टपावरून डिकीवर आणलं, खाली जाळी अंथरली, टेकाडाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेले. जे जे कुणालाही न विचारता करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. रोज सात वाजता मास्तर यायचे, बोलवायचे, आणि हातात कळ धरून बसलेला हा माणूस काचेपलीकडच्या माणसासारखा ओठ हलवत राहायचा. मास्तरांचा बोलावण्याचा वेळ कमी होत गेला. पस्तीस मिनिटांची वीस झाली, विसाची दहा.

तेराव्या दिवशी मास्तरांनी कॉलसाइन पाठवलंच नाही. नुसतंच विचारलं, "मीटर, रागावलास का माझ्यावर?"

काकांनी हेडफोन काढला. थोड्या वेळाने परत लावला तर फक्त खरखर होती.

त्या दिवशी ते घरी आले ते थेट स्वयंपाकघरात गेले. लेक डबा भरत होती. काका दाराशी उभे राहिले, हात पुसायच्या फडक्याची घडी उलगडली आणि परत घातली.

"तुझ्या गाडीला मागे एक लोखंडी आधार बसवायचा होता. भोकं पाडावी लागतील. तीन. म्हणजे तुला चालणार असेल तर. नाहीतर काही नाही."

"कशाला?"

त्यांनी सांगितलं. सगळं नाही, पण मास्तरांनी आज काय विचारलं तेवढं सांगितलं.

लेकीने डब्याचं झाकण खाली ठेवलं. "बाबा, मग पाडा की भोकं. बारा वर्षांची गाडी आहे ती. एवढे दिवस विचारलं का नाहीत?"

ती रागावली असती, आढेवेढे घेतले असते, तर त्यांना बरं वाटलं असतं. बारा सकाळी ज्या भिंतीशी ते झुरत बसले होते ती भिंत नव्हतीच मुळी. ते तिथल्या स्टुलावर बसले आणि लेक कामावर गेली तरी उठले नाहीत.

मग मात्र घाई केली. फॅब्रिकेटरने आधार करून दिला, भोकं पाडताना पत्र्याचा जो आवाज झाला तो काकांनी तिथेच उभं राहून ऐकला. तांब्याच्या पट्ट्या त्यांनी गाडीखाली पाठीवर झोपून स्वतः जोडल्या; जावई टॉर्च धरून उकिडवा बसला होता, आणि त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. दुकानदाराने मापनयंत्र आणून दिलं. वेटोळ्याचा एकेक वेढा कमी करत, वरच्या दांडीचं टोक कानसत शेवटी अँटेना सुरात लागला. दुकानदार छोट्या अँटेन्याबद्दल एक शब्द बोलला नाही. त्यामुळे काकांना जास्तच लागलं.

यात सहा दिवस गेले. सातव्या सकाळी टेकाडावर नऊ फुटांचा अँटेना उभा राहिला. सात वाजले. सव्वासात झाले. मास्तर आले नाहीत. काकांनी बोलावलं, थांबले, बोलावलं. दुरून दुसऱ्याच कुणीतरी, अनोळखी माणसाने उत्तर दिलं, "तुमचा सिग्नल फार छान येतोय." काकांनी त्याचे आभार मानले.

सुनेचा आवाज फोनवर ओशाळा होता. "काका, आठवडा झाला, ते टेबलाशी जातच नाहीत. आणि ऑक्सिजनचं यंत्र ठेवायला जागा नव्हती, म्हणून यांनी संच माळ्यावर ठेवलाय, चादरीत गुंडाळून. आम्हाला वाटलं तुमचंही बंद झालं."

काकांनी आयुष्यात तिसऱ्यांदा काहीतरी मागितलं. "तेवढा खाली काढशील का? एकदाच."

"रविवारी हे घरी असतात. तेव्हा काढतो."

रविवारी लेक काकांबरोबर टेकाडावर आली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती बाजूच्या सीटवर बसून राहिली. सात वाजून वीस मिनिटांनी संचात कुणीतरी कळ चाचपल्यासारखा आवाज आला. टिंबं वाकडीतिकडी, रेघा तुटक. पण शेवटची रेघ ओढून धरलेली.

"मास्तर, मी मीटर," काकांनी पाठवलं.

मग आलं, "कुठे होतास?"

"इथेच. अँटेना उतरवावा लागला. गाडीवर लावला तो चुकीचा निवडला. तुमचं ऐकू येत होतं, माझं पोचत नव्हतं."

"रोज ऐकलंस?"

"रोज."

इथे इतका खंड पडला की काकांना वाटलं सगळं संपलं. लेकीने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

"आधी का नाही योग्य घेतलास?" मास्तरांनी विचारलं.

काकांनी कळीवर बोट ठेवलं. काय सांगणार? लेकीला विचारायची भीड वाटली, असं एकेका टिंबाने आणि एकेका रेघेने पाठवायला त्यांचा हात धजावेना. "चुकलो," त्यांनी पाठवलं.

"दमलो," मास्तरांचं उत्तर आलं. "खूप सांगायचं राहिलंय. उद्या."

सोमवारी मास्तर आले नाहीत. पहाटेच धाप लागली म्हणून त्यांना इस्पितळात नेलं होतं. तिथे ते सहा दिवस होते. काका रोज सातला टेकाडावर जात होते, कारण घरी बसवत नव्हतं. रविवारी दुपारी सुनेचा फोन आला आणि तिने रडत सांगितलं की मास्तर गेले.

महिन्याभराने तिने पुन्हा फोन केला. संच आणि कळ काकांना पाठवून द्यावी का, असं विचारायला. बोलता बोलता इस्पितळातल्या दिवसांवर गाडी आली.

"शेवटी फार अस्वस्थ होते हो काका. उजवा हात सारखा कॉटच्या दांडीवर आपटत राहायचे. दिवसभर. बोटं सोलवटली. सलाइनची सुई निघायला लागली, तेव्हा नर्सने हात बांधून ठेवला."

मीटरकाका खुर्चीत ताठ झाले. "कसे आपटायचे?"

"म्हणजे?"

"सारखेच आपटायचे, की काही लवकर, काही थांबून? आठवून बघ. तुला जमेल तसं टेबलावर वाजवून दाखव."

सून गोंधळली, पण तिने फोन टेबलावर ठेवला आणि वाजवलं. टक. टक टक. टक. मग थांबली. "असंच काहीतरी. नक्की नाही सांगता येत. का, काका?"

काकांनी हातातल्या पेन्सिलीने पेपरच्या कडेला चार खुणा केल्या होत्या. त्यातून एक अक्षरसुद्धा होत नव्हतं. मास्तर सहा दिवस वाक्यंच्या वाक्यं बोलत होते, खोलीत डॉक्टर होते, नर्स होत्या, घरचे होते, आणि ऐकता येणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. मग त्यांचा हात बांधला गेला. हे सगळं तिला सांगण्यासाठी काकांनी तोंड उघडलं. तिने दोन वर्षं त्या हातावर अक्षरं काढली होती.

"काही नाही," ते म्हणाले. "आजारपणात हात थरथरतात माणसाचे. तू मनाला लावून घेऊ नकोस. संच राहू दे तिकडेच, नातीला हवा असेल तर."

फोन ठेवल्यावर लेकीने विचारलं, काय झालं. तिला त्यांनी खरं सांगितलं. तिने ऐकलं, त्यांच्या शेजारी बसली. "तुम्ही तरी काय करणार होतात बाबा?" असं म्हणायला गेली आणि अर्ध्यावर थांबली, कारण काय करता आलं असतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

काका अजूनही पावणेसातला उठतात आणि खिडकीशी बसतात. टेकाडावर जाणं त्यांनी सोडलं. परवान्याची मुदत पुढच्या वर्षी संपते. नव्याने अर्ज भरायचा का, असं लेकीने परवा विचारलं, फॉर्मही आणून ठेवला. तो टेबलावर आहे. काकांनी त्यावर नाव घातलं, पत्ता घातला, आणि 'परवाना कशासाठी हवा' या रकान्यापाशी पेन खाली ठेवलं.